लाल दांडा

“पण माझं चुकलं काय, ते तरी सांगाल का?”

राजवर्धनने हे चौथ्यांदा विचारलं. तात्या मालशे चहाचं आधण ठेवून स्टोव्हला पंप मारत होते.

मी इथल्या धावपट्टीवरचा जुना मेकॅनिक. गुरू-चेल्याच्या मधे बोलायचं मला काही कारण नव्हतं, पण ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

झालं होतं ते असं. कपाशीवर औषध फवारताना राजवर्धनच्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तेही दोन माणसांच्या उंचीवर. तरी त्याने ते शेजारच्या पडीक रानात उतरवलं. चाक मोडलं, पंखा वाकला, पठ्ठ्याला मात्र खरचटलंसुद्धा नाही. गावाने हार घातले. पेपरात फोटो आला. आता पुन्हा उडायचं तर लॉगबुकात तात्यांची सही हवी. त्यांनीच याला उडायला शिकवलेलं. आणि तात्या आठ दिवस झाले, नुसता चहा पाजून त्याला परत पाठवत होते.

“बंद पडायच्या आधी इंजिन खोकलं होतं?” तात्यांनी अखेर तोंड उघडलं.

“हो. दोनदा.”

“लाल दांडा ओढलास?”

लाल दांडा ओढला की औषधाची टाकी क्षणात रिकामी होते, विमान हलकं होतं. इंजिन कुरकुरलं की पहिलं काम हेच. पहिल्या दिवशी शिकवतात.

“...नाही.”

“खाली माणसं होती?”

“माणसं नव्हती. फवारणीचा पट्टा संपत आला होता. म्हटलं, एवढा मारून घेऊ.”

मी कपाळावर हात मारला. अर्धी टाकी औषध पोटात घेऊन, खोकणाऱ्या इंजिनावर, हे महाशय पट्टा पुरा करत होते! अरे, मेला असतास की मूर्खा!

राजवर्धन ताडकन उठला. “तुम्हीच सांगितलं होतंत ना, पट्टा अर्धा सोडायचा नाही? सोडला की महिनाभर शेतात दिसतो, म्हणाला होतात. दांडा ओढायचं तेही तुम्हीच सांगितलंत. दोन्ही नियम तुमचेच. मग मी पाळायचा कुठला? एकदाचं सांगून टाका ना!”

तात्यांनी दाराशी भरून ठेवलेल्या बादलीकडे बोट केलं.

“ती बादली घे,” ते म्हणाले. “दारासमोरच्या मिरच्यांना पाणी घाल. एकही रोप सुटता कामा नये.”

“तात्या, मी सहीसाठी आलोय!”

“घाल म्हणतो ना.”

दातओठ खात राजवर्धन गेला. एक रोप झालं, दुसरं झालं, तिसऱ्यापाशी तो वाकला.

तात्यांनी टेबलावरचं त्याचं लॉगबुक उचललं. आधणाचं पातेलं जरा बाजूला सरकवलं. लॉगबुकाचा कोपरा ज्वाळेवर धरला.

“अहो तात्या!” मी ओरडलो.

नऊशे तासांचं उड्डाण होतं त्या वहीत. सहा वर्षं. ती गेली की पोरगं पुन्हा शून्यावर.

राजवर्धनने मान वळवली, आणि दोन ढांगांत येऊन सगळी बादली उपडी केली. स्टोव्हवर, वहीवर, तात्यांच्या धोतरावर. स्टोव्ह फुसफुसत विझला. चहाचं आधण वाहून गेलं.

“डोकं फिरलंय का तुमचं?” त्याचा आवाज फाटला होता, डोळ्यांत पाणी होतं. “माझं सगळं आयुष्य आहे हो त्यात!”

तात्यांनी वही झटकली. पानं उलटत उलटत एक कोरडं पान शोधलं. मला वाटलं, आता तरी काही समजावतील. छे! खिशातलं पेन काढलं, सावकाश सही केली आणि वही त्याच्या हातात दिली.

राजवर्धनने वही छातीशी धरली.

“मिरच्या अर्ध्याच राहिल्या. बादली ओतलीस, ती कुणाला विचारून?” तात्या म्हणाले.