ठकूमायचं फावडं

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट हं, खानदेशातल्या खडकोळ गावची. तिथे नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी शेताशेतात वाटून देणारी एक बाई होती, ठकूमाय. उंचीनं जेमतेम हातातल्या फावड्याएवढी. पण तिनं हाक मारली की पाणी चढसुद्धा चढायचं, असं म्हणतात.

तर एकदा काय झालं, उखाजीची कडब्याची गंजी जळाली. आळ आला सुपडूवर. सुपडू तापट गडी, आणि आदल्याच दिवशी पाण्यावरून दोघांचं वाजलेलं. तालुक्याहून शिपाई दोर घेऊन हजर. निवाडा करायला मामलेदार कधी येईल याचा पत्ता नाही, तोवर कोठडी. आणि कोठडी अशी, की आत गेलेल्याचं शेत जायचं, बायकोपोरं उघड्यावर यायची.

ठकूमाय मध्ये उभी राहिली. म्हणाली, "याला माझ्याकडे ठेवा. पाटावर राबेल."

"आणि पळाला तर?"

"तर तो दोर मला बांधा. थोडाच लागेल."

शिपायालाही हसू आलं. तयार झाला तो!

मग काय, सुपडू रोज पाण्याची दारं उघडायचा. अख्खं गाव त्याची वाट बघायचं, म्हणजे अख्ख्या गावाचं त्याच्यावर लक्ष. बाया चिडवायच्या, "सुपडूभाऊ, आज पाणीच सोडताय ना, काडी नाही ना लावत?" उखाजीच्या शेताचं दारही त्यालाच उघडावं लागायचं. आधी दात-ओठ खात उघडलं. मग हळूहळू उखाजी त्याच्यासाठी बांधावर भाकर ठेवायला लागला. बोलायचा नाही हं, नुसती ठेवायचा.

आणि ज्या सकाळी मामलेदार आला, त्याच सकाळी सुपडू गायब. घाबरला बिचारा. शिपायानं दोर काढला. ठकूमायनं हात पुढे केले आणि वर म्हणते कशी, "जरा सैल बांध बाबा, दुपारच्या पाळीचं पाणी सोडायचंय."

तिकडे सुपडू पळतोय आणि मागे खळखळ. वळून बघतो तर पाटाचं पाणी पाट सोडून त्याच्या मागे, वासरासारखं! तो थांबला की तेही थांबायचं, असं म्हणतात. सुपडूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी इथे, म्हणजे तिकडे सगळी शेतं कोरडी. आणि ठकूमायच्या हाताला दोर. तो फिरला.

चावडीपुढे आधी पाणी आलं, मामलेदाराचे जोडे भिजले, आणि मग आला चिखलानं माखलेला सुपडू.

"गंजी मी जाळली," तो म्हणाला. "तिला सोडा."

सगळ्यांच्या आधी बोलला तो उखाजीच. "याला कोठडीत घालून मला कडबा मिळणार आहे का, साहेब? गंजी भरून देऊ दे. आणि पाटावर राहू दे. दारं वेळेवर उघडतो."

मामलेदारानं ओले पाय वर घेतले आणि मान डोलावली.

ठकूमाय पुढे एक दिवस पाटात उतरली आणि पाणीच होऊन गेली, असं म्हणतात. तिचं फावडं मात्र आहे बंधाऱ्यावर. अजूनही खडकोळात कुणावर केस झाली की निकाल लागेपर्यंत ते त्याच्या हातात देतात. आणि कोर्टाची तारीख आली की त्याच्यासोबत अख्खी गल्ली डबे घेऊन एसटीत चढते, फिर्यादीसकट. कंडक्टर वैतागतो. म्हणतो, आरोपी कोण ते सांगा, बाकीचे उतरा.

कुणी उतरत नाही.