ओल्या बाळंतिणीचं पांघरूण

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा, माझ्या वाटणीचा डिंकाचा लाडू तुमचा. मला तसेही दात नाहीत, द्यायला माझं काय जातंय!

एका गावाच्या वरच्या अंगाला एक दलदल होती. काळीभोर, मऊ, पाय ठेवला की डुगडुगायची. पिढ्यान् पिढ्यांचं गवत कुजून तिथं थरावर थर बसलेले. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी ती पोटात धरायची आणि भर उन्हाळ्यात विहिरींना पुरवायची. संध्याकाळी तिथले बेडूक आणि पाणकोंबड्या असा कालवा करायच्या, की सासवांचं बोलणं सुनांना ऐकूच यायचं नाही. काय सुखाचे दिवस होते ते!

गाव तिला 'ओली बाळंतीण' म्हणायचं. म्हणजे हिला कामाला जुंपायचं नाही, हिचं पाण्याचं पांघरूण ओढायचं नाही. राजानंही दवंडी पिटवलेली, "जोवर ही जमीन ओली, तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

पाटील मात्र भारी हुशार. त्याला तिथं ऊस लावायचा होता. त्यानं दलदलीला बोटसुद्धा लावलं नाही. कडेच्या आपल्या शेतात खोल चर खणला. सगळं पाणी गेलं वाहून.

"अहो, कायदा आहे ना?" पाटलीण म्हणाली.

"कायदा ओलीला आहे. ही तर वाळली!" पाटील मिशीत हसला.

उन्हाळ्यात त्यानं तिथलं गवत पेटवलं. गवत विझलं, पण खालची कुजक्या गवताची वाळलेली मातीच पेटली! आतल्या आत धुमसत राहिली. विझवायला जावं, तर विहिरी आटलेल्या. धूर घराघरात शिरला. पाटलाची लेक माहेरी बाळंत झालेली. तिचं तान्हं खोकून खोकून काळंनिळं पडलं.

पाटलीण कडाडली, "बाळंतिणीला धुरी द्यायची रीत आहे हो, पण अख्खी जमीन जाळून? एकीचं पांघरूण ओढलंत, ते दुसरीच्या लेकरावर आलं. बुजवा तो चर!"

"अगं, पण ऊस..."

"ऊस घाला चुलीत!"

पाटलानं स्वतः फावडं धरलं. चर बुजला, झऱ्याचं पाणी मातीत परतलं, धूर थांबला. तान्हं वाचलं.

राजानं दवंडी बदलली, "ही जमीन ओलीच ठेवायची."

थोड्या पाणकोंबड्या परत आल्या. पण जळली तेवढी माती काही भरून आली नाही. तिथं खड्डाच राहिला. आता सासवांचं सगळं ऐकू येतं.

तात्पर्य: कायद्यातून जी पळवाट काढाल, त्याच वाटेनं धूर घरात येतो.

चला, पळा आता. आणि कुणी चुलीत माती घालून बघितली, तर आईला माझं नाव सांगू नका!