बिनहाकेचं पाणी

पाहुण्यांनो, कोराम्याच्या या जुन्या मातीच्या मशिदीची नायजर नदीकडची भिंत बघा. तिच्यातून ताडाची लाकडं बाहेर आली आहेत. दर उन्हाळ्यात गवंडी त्यांच्यावर पाय देऊन चढतात आणि नवा गिलावा देतात. बाकी भिंतींवर नुसता आरडाओरडा असतो. या भिंतीवरून मात्र कोणी पाण्यासाठी हाक मारत नाही.

असं सांगतात, की पूर्वी वाळवंटापलीकडून विद्यार्थी इथे शिकायला येत. त्यांच्या हाताने लिहिलेल्या किताबी याच भिंतीआड असत. एका वर्षी भिंत खचली. पुराआधी ती उभी राहायला हवी होती, पण दिवसभर चढवलेली माती सकाळी पायाशी पडलेली असायची.

बामोये गवंड्याचा आवाज गावभर जायचा. "हावा, पाणी!" असं तो वरून ओरडला, की त्याची बायको घडा घेऊन यायची. एकदा ती वैतागली.

"अरे, बहिरी नाही मी! तुझ्या ओरडण्यानंच पडते ती भिंत. गप्प बस, म्हणजे राहील उभी."

पाणी आणणाऱ्या बायका खदखदून हसल्या. बामोये हसला नाही. ओल्या मातीवर तळवा टेकून म्हणाला, "या अल्लाह, माझा आवाज घे. भिंत राहू दे."

सकाळी भिंत जागेवर होती. बामोयेचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पूर भिंतीला लागून ओसरला. एकही किताब भिजली नाही.

मग एका संध्याकाळी हावा त्याला भात वाढत असताना मशिदीकडून हाक आली. "हावा, पाणी!"

आवाज त्याचाच. आणि तो तर समोर बसलेला, तोंडात घास. त्यानेही ऐकलं होतं, म्हणे. मान खाली घालून त्याने घड्याकडे बोट दाखवलं.

भिंतीपाशी कोणी नव्हतं. आपल्या थट्टेनं हे झालं, हे हावाला ठाऊक होतं. "आले रे," म्हणत तिने घडा ओतला. माती घटाघट पाणी प्यायली.

बामोयेला दफन केल्यावरही हाक येत राहिली. म्हातारी हावा कमरेत वाकली, तरी जायची. ती वारली त्या दिवशी शेवटची हाक आली, म्हणे. त्या हाकेत 'पाणी' नव्हतं. नुसतं, "हावा."

आजही गिलाव्याच्या दिवशी पहिला घडा आणणारी बाई, कोणी बोलावलेलं नसताना, "आले रे, आले," म्हणते आणि पाणी ओतते. सगळे गप्प उभे राहतात. आतून घोट घेतल्याचा आवाज आला, की मगच गवंडी लाकडांवर पाय ठेवतात.