साजेशी डहाळी

फार फार जुनी गोष्ट, पण दिवस नेमका ठाऊक आहे. दहाव्या महिन्यातली सप्तमी. सकाळी धुके, दुपारी कोरडे ऊन, वारा नाही.

जपानमधल्या एका डोंगरगावात दोन भावांपैकी थोरला राहत असे. धाकटा दूर समुद्रकाठी. वडिलांच्या श्राद्धाला धाकटा याही वर्षी आला नाही, तेव्हा थोरल्याने शाई उगाळली आणि एकच ओळ लिहिली: ‘आजपासून तू माझा भाऊ नाहीस.’

आता तिथली एक रीत ऐका. पत्र नुसते पाठवत नसत. घडी करून ते झाडाच्या डहाळीला बांधत, आणि डहाळी मजकुराला साजेशी लागे. विजोड डहाळी गेली, तर अक्षर कितीही सुंदर असो, लिहिणारा अडाणी ठरे.

“एक डहाळी आणून दे,” थोरला बायकोला म्हणाला.

“कसली आणू? लिहिलंय काय?”

त्याने पत्र पुढे केले. तिने वाचले, पुन्हा घडी घातली. “अहो, तुम्हीच चला. मला एकटीला नाही जमायचं.”

दारातच पाइन होता. थोरल्याने फांदीला हात घातला.

“पाइन? आपल्या भाषेत ‘मात्सु’ म्हणजे पाइन आणि ‘मात्सु’ म्हणजेच वाट पाहणं. भाऊजींना वाटेल, दादा वाट बघतोय.”

त्याने हात मागे घेतला. “मग विलो.”

“ती तर वाकलेली. तुम्ही वाकलात असं कळवायचंय?”

“मेपल घे! लालभडक आहे, रागासारखा.”

“मेपल बघून माणूस म्हणतो, तू इथे असतास तर किती बरं झालं असतं.”

“या बागेत एकही झाड भांडकुदळ नाही?” थोरला ओरडला.

“शोधू या की,” बायको म्हणाली. तिलाही आता उत्सुकता लागली होती.

कुंपणाशी एक काटेरी झुडूप सापडले, पण त्याला नेमकी कळी आली होती.

शेवटी परसातले पर्सिमॉनचे झाड उरले. पाने सगळी गळालेली. “वठल्यासारखं दिसतंय. हेच,” म्हणत थोरला वर चढला. फांदीच्या टोकाला एकच केशरी फळ होते. तोडणी झाली की एक फळ झाडाचा राखणदार म्हणून मागे ठेवत.

थोरला त्या फळाकडे पाहत राहिला आणि एकदम हसू लागला.

“काय झालं हो?”

“लहानपणी दरवर्षी राखणदार गायब व्हायचा. बाबा विचारायचे, कुणी खाल्लं? आणि हा धाकटा लबाड, हनुवटीवरून रस ओघळतोय, तरी म्हणायचा, पक्ष्यानं!”

त्याने फळासकट डहाळी तोडली. बायकोने पत्र पुढे केले.

“नको,” तो म्हणाला. “हिला ते शोभत नाही.”

नोकर नुसती डहाळी घेऊन धाकट्याकडे गेला. परतला तेव्हा त्याच्या हाती तीच डहाळी होती. फळाचा फक्त देठ उरला होता. तिला चिठ्ठी बांधलेली: ‘दादा, पहिल्या वर्षी वादळाने अडवले. नंतर तुझ्या रागाला भिऊन आलो नाही. फळ पक्ष्याने खाल्ले.’

म्हणून लहानथोरांनो, रागाचे शब्द धाडण्याआधी त्यांना साजेशी डहाळी शोधावी. शोधता शोधता राग निवतो.

पुढच्या श्राद्धाला धाकटा आदल्या दिवशीच आला. सकाळी झाडावर राखणदार नव्हता.