राबणारी चिठ्ठी

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत एक शिष्या दोन वर्षे एकाच कोड्यात अडकून पडली होती. तिच्या काचेच्या नळीत आरएनएचा धागा असे. हा धागा म्हणजे पेशीतली चिठ्ठी; काय घडवायचे ते तिच्यावर लिहिलेले. चिठ्ठीने सांगावे आणि प्रथिनांनी राबावे, असेच त्या काळी सारे विद्वान मानत. पण हा धागा आपल्यातलाच एक तुकडा कापून टाकी आणि टोके सांधून मोकळा होई. हे करणारे प्रथिन शिष्येला काही केल्या सापडेना.

प्रबंध तयार होता. 'अज्ञात प्रथिन' एवढे दोन शब्द लिहिले की पदवी हातात. तिने ते लिहिलेही होते. अलीकडे मात्र नळीकडे पाठ करून बसायची तिला भीती वाटू लागली होती.

"सर, वेडी म्हणाल मला," एका दुपारी ती म्हणाली, "पण आत कोणीतरी आहे."

आचार्यांनी ताज्या, अखंड धाग्याची नळी उचलली, तीत प्रथिने पचवून टाकणारा रस ओतला आणि वर नळी चांगली उकळली.

"काय केलंत हे? सगळं मेलं असेल आता!"

"मरू दे की. मेल्यावर कोण राबतं ते बघू."

नळी निवली. आचार्यांनी काम सुरू व्हायला नेहमी लागणारा चिमूटभर क्षार घातला आणि तासाभराने दोघांनी तपासणी केली. तुकडा कापलेला होता, टोके सांधलेली होती. शिष्येच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आत कोणी नाही, म्हणून तर तुला सापडलं नाही," आचार्य म्हणाले. "चिठ्ठीच स्वतःला दुमडते आणि स्वतःच राबते. अगं, डीएनएवाचून प्रथिन घडत नाही आणि प्रथिनावाचून डीएनएची नक्कल होत नाही. मग जीवनाची सुरुवात केली कोणी? बहुधा हिनेच. बघायला डोळा नव्हता, नाव घ्यायला जीभ नव्हती, तेव्हा कुठल्याशा डबक्यात एक चिठ्ठी आपल्यासारखीच दुसरी चिठ्ठी लिहू लागली असेल. पाहिलं कोणीच नाही, मीही अंदाजच करतोय. पण तुझं ते प्रथिन मात्र खोटं आहे."

"म्हणजे प्रबंध पुन्हा लिहायचा? आणखी दोन वर्षं?"

"तीन धर."

तिला रडू आले. डोळे पुसून तिने ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिले, 'काम धागा स्वतःच करतो.'

पुढे कळले की आपल्या पेशींत अमिनो आम्लांचे मणी जोडून प्रथिने घडवण्याचे मूळ काम आजही आरएनएच करतो. आपण झोपलो तरी थांबत नाही. आपल्या आत कोण राबते आहे हे ठाऊक नसेल, तर तिथे खोटे नाव तरी लिहू नये.