पोटात वाळू असलेला फ्यूज

मला नीट आठवत असेल, तर विजेच्या मोटारी नुकत्याच आल्या तेव्हाची ही गोष्ट. एका मोटारीत बॅटरीची वीज हवी तशी बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधला फ्यूज उडाला. मेकॅनिकने नवा काढला.

"हाही उडेल," बाकावरची तांब्याची तार कन्व्हर्टरला म्हणाली. "घरोघरी फ्यूजऐवजी मलाच गुंडाळतात, दादा. मी तुटत नाही."

"म्हणूनच नको," नवा फ्यूज म्हणाला. "तू तुटली नाहीस, तर दादा जळतील. तिथे मीच बसणार."

"पोटात वाळू, आणि म्हणे पहारेकरी," तार हसली.

मेकॅनिकने फ्यूजच बसवला. पुढे एकदा गाडीत वीज उसळली. फ्यूज जळाला, पण आग त्याच्या पोटातल्या वाळूतच विझली. कन्व्हर्टर वाचला.

वाळूचं मला खरं वाटत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी तसा एक जळालेला फ्यूज फोडून पाहिला. आत आगीने वितळून वाळूची काच झाली होती.