मनुष्यविशेष

एकदा एक वृद्ध आचार्य जात्यावरच्या ओव्यांचं भाष्य लिहायला बसले. कुठल्या ओवीत कुठलं झाड, कुठला पक्षी, कुठल्या ऋतूत कुठला सण, हे सगळं एकत्र मांडायचा त्यांना ध्यास होता. त्यात उभा जन्म गेला. डोळे गेले, हात कापू लागले, तरी काम संपेना. शेवटी शब्दार्थ लिहायचं त्यांनी रंगनाथ नावाच्या शिष्यावर सोपवलं.

रंगनाथ हुशार, पण पार कंटाळलेला. त्याने सोपी युक्ती काढली. पांगारा? 'एक वृक्षविशेष', म्हणजे कुठलंतरी झाड. भारद्वाज? 'एक पक्षिविशेष.' जुने टीकाकार असंच लिहून मोकळे झाले होते, मग आपल्याला कोण विचारतो! काम झटक्यात हातावेगळं झालं. आचार्यांनी ते ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

पुढे सभा भरली. आपल्यामागे हे काम कोण चालवणार, हे आचार्य तिथे सांगणार होते. रंगनाथाने आईला मुद्दाम पुढे बसवलं होतं. आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा चालवील. एक मनुष्यविशेष."

सभेत खसखस पिकली. "अहो, पण नाव काय याचं?" कुणीतरी विचारलं.

"मनुष्यविशेष," म्हणून आचार्य खाली बसले. रंगनाथाचं तोंड एवढंसं झालं. आईकडे बघायची त्याला हिंमत होईना.

सभा उठल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, इतकी वर्षं तुमच्यापाशी काढली. चारचौघांत माझं नावही घ्यावंसं वाटलं नाही?" 

"लागलं ना?" आचार्य थकल्या आवाजात म्हणाले. "अरे, ओवीतली सासुरवाशीण म्हणते, पांगारा फुलला, अजून भाऊ न्यायला आला नाही. तिला पंचांग कुठलं वाचता येणार! परसातलं झाड लाल झालं की माहेरी जायचं, एवढंच तिला ठाऊक. तू तिथे 'कुठलंतरी झाड' लिहिलंस. मग तिचं वाट बघणं वाचणाऱ्याला कळावं कसं? हल्ली जिकडेतिकडे झाडं तुटतायत; तोडणाऱ्यांना अडवायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, बाबा. पण ज्याची ओळखच कुणाला नाही, ते तुटलं तर हळहळणार तरी कोण?"

रंगनाथ हळूच म्हणाला, "गुरुजी, खरं सांगतो, मी पांगारा पाहिलेलाच नाही."

"नदीपलीकडे एक होता. आता आहे की नाही, देव जाणे. जाऊन बघ. नसला, तर तेही लिही."

आई दारात ताटकळत उभी होती. "चल रे घरी, दमलास."

"तू हो पुढे," रंगनाथ वहाणा घालत म्हणाला, "मी नदीपलीकडे जाऊन येतो."